चर्चच्या आवारात दिवाळीचा स्नेहमेळावा: बैठकीपासून हिशेबापर्यंत

दिवाळीत शेजारून फराळाचं ताट येतं आणि नाताळात आपल्याकडून जातं. खानदेशातल्या मराठी ख्रिस्ती घरांत ही देवाणघेवाण जुनी आहे. आपल्या नाताळच्या ताटातही करंज्या, चकल्या, शंकरपाळेच असतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. पण घराने ताट घेणं वेगळं आणि अख्ख्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांनी मिळून, आवाराचं फाटक उघडून दिवाळीच्या पाहुण्यांना बोलावणं वेगळं. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी प्रॉटेस्टंट मंडळी आणि कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) यांनी मिळून 2025 च्या दिवाळीत हे केलं. कुठून सुरुवात करावी, घरच्याच लोकांच्या शंकांना काय उत्तर द्यावं, पोलीस ठाण्यात काय लिहून द्यावं, हे सांगणारं आधी कुणी भेटलं नव्हतं. असं काही करायचं मनात असलेल्या मंडळींसाठी हे सगळं क्रमाने लिहीत आहे.

पहिली बैठक ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाली. दिवाळी 21 ऑक्टोबरला असताना ऑगस्ट फार लवकर वाटेल, पण हा वेळ मांडव-खुर्च्यांसाठी लागत नाही, आपल्याच लोकांशी बोलण्यासाठी लागतो. पंचमंडळीत, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीत, दोन प्रश्न हमखास येतात. दिवाळीत सहभागी होणं म्हणजे मूर्तिपूजेत सहभागी होणं नाही का, हा पहिला. आणि पाहुण्यांनी प्रसाद आणला तर काय करायचं, हा दुसरा. हे प्रश्न विचारणाऱ्यांना संकुचित ठरवून पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा हीच माणसं श्रद्धेने सगळ्यात काटेकोर असतात. त्यांचं समाधान झालं तर सोहळ्याच्या दिवशी सगळ्यात जास्त कामही तीच करतात.

प्रसादाचा प्रश्न बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात सविस्तर आला आहे. आठव्या आणि दहाव्या अध्यायांचा त्या बैठकीतच वाचून अभ्यास केला. अन्नाने कुणी देवाजवळ जात नाही किंवा दूरही होत नाही. बाजारात मिळतं ते विवेकाचा प्रश्न न काढता खावं. पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर दुसऱ्याच्या विवेकासाठी थांबावं. त्यावरून ठरलं ते असं: फराळ हा फराळ आहे, तो आनंदाने खायचा. कुणी नैवेद्याचा पदार्थ म्हणून दिला तर दोन्ही हातांनी घ्यायचा आणि पुढे खायचा की कुणाला द्यायचा हे ज्याने त्याने ठरवायचं. टाकायचा मात्र नाही, आणि पाहुण्यासमोर त्यावर चर्चाही नाही.

कॅथलिक बाजूला हा विषय सोपा गेला, कारण त्यांच्याकडे लेखी आधार आहे. 28 ऑक्टोबर 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रात इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. 2025 मध्ये त्याला 60 वर्षं झाली. व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग दर दिवाळीला हिंदू बांधवांना शुभेच्छापत्र पाठवतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 7 नोव्हेंबर 1999 रोजी दिल्लीत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण केली, तो दिवस दिवाळीचाच होता. फादरांनी ही माहिती एका पानावर लिहून दिली आणि ते पान दोन्हीकडच्या सूचना फलकावर लावलं. फलकावरच्या एका पानाने बरीच कुजबुज थांबते.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत काय करायचं आणि काय करायचं नाही याचा कागद तयार झाला. पणत्या, कंदील, रांगोळी, दोन्ही परंपरांतलं वाचन, भजन, दिवाळीच्या दिवसांची माहिती आणि फराळ एवढं करायचं. पूजा आणि आरती आवारात करायची नाही, आणि पाहुण्यांकडूनही प्रार्थनेत सहभागाची अपेक्षा ठेवायची नाही. शुभवर्तमानाच्या पुस्तिका, पत्रकं, नवा करार, काहीही वाटायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर ठाम राहा. माणूस आपल्या सणाच्या शुभेच्छा घ्यायला आला असताना त्याच्या हातात पत्रक ठेवलं, तर बोलावण्याचा हेतूच संशयात येतो, आणि एकदा गेलेला विश्वास गावात परत मिळायला वर्षं लागतात. दिवाळीला ‘खरा अर्थ’ देऊ करणारी भाषणंही नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचा सण आहे त्यांनी त्याचा अर्थ सांगावा, आपण नीट ऐकावं.

ऐकण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. सोहळ्याआधीच्या रविवारांना उपासनेनंतर पंधरा-वीस मिनिटं याच माहितीसाठी ठेवली. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, धनत्रयोदशीला धन्वंतरीची. त्याच संध्याकाळी यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून कारीट फोडतात. लक्ष्मीपूजनाला वहीबरोबर नवी केरसुणीही पुजली जाते. घर झाडण्याच्या साधनाला सन्मान देणारा हा रिवाज आपल्या तरुणांपैकी अनेकांना माहीत नव्हता. पाडव्याला बळीराजाची आठवण आणि ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ ही मागणी. शब्द दिला म्हणून सगळं देऊन टाकणारा राजा आणि त्याच्या राज्याची शेतकऱ्याने धरलेली आस, हे ऐकताना प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ रोज म्हणणाऱ्या माणसाचे कान आपोआप टवकारतात. दोन्हींचा अर्थ एकच आहे असा दावा करायची गरज नाही, शेजाऱ्याची आस ओळखू आली तरी खूप आहे. जैन कुटुंबांसाठी दिवाळी हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. खानदेशच्या बाजारपेठेत जैन कुटुंबं भरपूर आहेत, म्हणून हेही सांगून ठेवावं.

तारीख ठरवताना गावाचं वेळापत्रक बघा. धनत्रयोदशी ते लक्ष्मीपूजन व्यापाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, भाऊबिजेला बायका माहेरी. 2025 मध्ये धनत्रयोदशी 18 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 21 ला, पाडवा 22 ला आणि भाऊबीज 23 ला होती. म्हणून रविवार 26 ऑक्टोबर निवडला. त्या दिवशी लाभपंचमी होती. गुजराती-मारवाडी दुकानदार सकाळी मुहूर्ताने दुकान उघडतात, संध्याकाळी मोकळे असतात. शाळांना सुट्टी असते आणि माहेरवाशिणीही बहुतेक परतलेल्या असतात. कापूस वेचणीचे दिवस असल्याने शेतावरची माणसं दिवेलागणीनंतरच येतात, तेव्हा वेळ साडेसहाची ठेवली.

आता अर्ज. ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, आवार खासगी असलं तरी. अर्ज 8 ऑक्टोबरला दिला. सोबत ट्रस्टच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, ठरावाची प्रत, दोन जबाबदार व्यक्तींच्या आधार कार्डांच्या प्रती, साउंडवाल्याचं नाव आणि फोन नंबर, आणि जागेचा हाताने काढलेला साधा नकाशा जोडला. विषयात ‘दिवाळी स्नेहमेळावा’ असं लिहिलं आणि आत कार्यक्रमाचा मिनिटवार तक्ता दिला. ‘कार्यक्रमात कोणत्याही धर्माचा प्रचार अथवा साहित्यवाटप होणार नाही’ हे वाक्य अर्जात आपणहून घाला. विचारलं जाण्याची वाट बघू नका. अर्जाची पोच, म्हणजे दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख, घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, कारण पुढची चौकशी त्या आवक क्रमांकावरच होते. बीट अंमलदार जागा बघून गेले आणि परवानगी 17 ऑक्टोबरला हातात पडली. दिवाळीच्या तोंडावर बंदोबस्ताचं काम वाढतं, म्हणून निदान पंधरा दिवस हाताशी ठेवा.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र धरतात. मिशनच्या बऱ्याच आवारांत शाळा किंवा दवाखाना असतोच, तेव्हा हे अंतर आधीच मोजून घ्या. मांडव रस्त्यावर येणार असेल तर नगरपालिकेचीही परवानगी लागते. कार्यक्रम आवारातच होता, त्यामुळे तो फेरा वाचला. फटाके ठेवलेच नाहीत, तसं आमंत्रणातही लिहिलं.

आमंत्रणं दसऱ्यानंतर घरी जाऊन दिली. दोघांनी मिळून जावं, त्यात एक बाई असावी. छापील पत्रिका हातात देऊन कार्यक्रम काय आहे ते दोन वाक्यांत सांगावं. व्हॉट्सअॅपवरचं आमंत्रण लोक वाचतात, पण त्यावर येत नाहीत. गल्लीतली वयस्कर माणसं, शाळेचे शिक्षक, भजनी मंडळ, मशिदीचे विश्वस्त, बुद्धविहारातले कार्यकर्ते, सफाई कामगार आणि वीज कंपनीचे लाइनमन यांची नावं यादीत आधी असावीत, पुढाऱ्यांची नंतर. पुढारी यादीत वर गेले की भाषणं वाढतात आणि पणत्या विझतात.

कंदील गावातच बनवले. पाच टोकांची चांदणी निवडली, कारण तीच पुढे नाताळचा तारा म्हणून टांगता येते. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, 30 नोव्हेंबरला सुरू होणार होता, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांनी. एका चांदणीला दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या आणि पाच-पाच इंचांचे पाच तुकडे लागतात. कामट्या बुरूड आळीतून सोलून घ्या. बोटाच्या निम्म्या जाडीच्या, मधे पेर नसलेल्या बघून निवडा, पेराशी कामटी मोडते. पाच कामट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ठेवून चांदणी पाडायची. प्रत्येक कामटी एकीवरून आणि पुढचीखालून गेली पाहिजे, नाहीतर उचलताना सांगाडा उलगडतो. टोकं सुती दोऱ्याने बांधायची. अशा दोन चांदण्या एकीवर एक ठेवून पाचही टोकं एकमेकींना बांधायची. मग आतल्या पाच छेदांमध्ये पाच इंची तुकडे उभे सारायचे की सांगाडा पोटाशी फुगतो आणि ताठ होतो.

पतंगी कागदाचे पुढे-मागे मिळून दहा त्रिकोण, दोन पंचकोन आणि बाजूंचे दहा निमुळते त्रिकोण कापावे लागतात. वरच्या टोकाचा एक बाजूचा त्रिकोण मोकळा ठेवा, होल्डर तिथूनच आत जातो. चिकटवायला मैद्याची पातळ खळ. तिला किडे-मुंग्या लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं. मुलं चिकटवायला बसणार असतील तर मोरचूद टाळा आणि खळ रोज ताजी करा. कागद लावताना ताणू नका. खळ वाळली की तो आपोआप ताठ होतो, आधीच ताणलेला कागद वाळताना कोपऱ्यात फाटतो. आत 5 वॅटचा एलईडी बल्ब पुरतो, जुन्या तारेच्या बल्बाने कागद करपतो. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, म्हणून कंदील पोर्चच्या किंवा पत्र्याच्या आत टांगा.

पणत्या 300 घेतल्या, कुंभारवाड्यातून, 36 रुपये डझन. साच्याच्या रंगीत पणत्या दिसायला छान असतात, पण चाकावरच्या साध्या पणतीचा काठ सारखा असतो आणि ती डुगडुगत नाही. कोरी पणती तेल पिते, मग दिवा तासाभरातच विझतो आणि खाली तेलाचा डाग पडतो. म्हणून पणत्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि सकाळी सावलीत पालथ्या घालून पूर्ण वाळवायच्या. ओल राहिली तर वात तडतडते. खाली केळीच्या पानाचे तुकडे ठेवले की फरशीही वाचते. रावेर-यावलकडून येणाऱ्या माणसाला सांगितलं की पानं मिळतात.

वातींसाठी कापूस शेतातून थेट आला. सरकी आणि पानांचा चुरा हाताने वेचून काढा, चुरा राहिला की वात काजळी धरते. कापूस पसरून तळहातावर वळायचा, लांबी चार बोटं. एका पणतीत दोन वाती एकत्र पिळून घातल्या की ज्योत स्थिर राहते. वात जाड झाली तर धूर होतो, सैल झाली तर ती तेलात बुडते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटवण्यापूर्वी वातीचं टोक तेलात भिजवून बोटांनी चिमटून वर काढायचं. कोरडं टोक नुसतं जळून जातं, तेल वर चढतच नाही, आणि लोकांना वाटतं वाऱ्याने विझलं. पणतीत 15 मिली म्हणजे मोठा चमचाभर तेल पुरतं, त्यावर ती साधारण दोन तास चालते. 300 पणत्यांना साडेचार लिटर झालं, सरकीचं तेल 5 लिटर आणलं. पेटवायला दहाजण हवेत, मेणबत्तीने पेटवावं आणि वारा जिकडे वाहत जातो त्या टोकापासून सुरुवात करावी, म्हणजे ज्योत अंगावर येत नाही. लहान मुलींचे परकर आणि ओढण्या सांभाळायला एका बाईला नेमूनच ठेवा, आणि जवळ वाळूच्या दोन बादल्या.

फराळाचं काम मंडळीच्या बायकांनी वाटून घेतलं. चिवडा, शेव, चकल्या, शंकरपाळे, आणि खानदेशी दिवाळी म्हणून सांजोऱ्या आणि दराब्याचे लाडू. सांजोऱ्या शेजारच्या काकूंनी शिकवल्या. आमंत्रणाआधीच त्यांना हाक मारली होती, आणि तयारीत शेजारी असले की तो कार्यक्रम त्यांचाही होतो. अंडं-मटण कधी शिजलेली भांडी आणि कढया वापरू नका. मंडपवाल्याकडून भाड्याने घ्या किंवा शाकाहारी घरातून मागून आणा, आणि कुणी विचारलं तर तसं सांगता आलं पाहिजे. केक ठेवलाच नाही. बिनअंड्याचा आहे असं प्रत्येकाला सांगत बसावं लागतं आणि तरी पाहुणा अवघडतो. जैन पाहुण्यांपैकी बरेचजण सूर्यास्तानंतर खात नाहीत, आणि ऑक्टोबरअखेरीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यांच्यासाठी कांदा-लसूण-बटाटा नसलेला फराळ बंद डब्यांत भरून वेगळा ठेवला आणि घरी न्यायला दिला. ताटात वाढून ‘थोडं तरी घ्या’ असा आग्रह करणं हा पाहुणचार नव्हे.

26 तारखेला सव्वासहाला पणत्या लागल्या. ‘सलाम’ आणि ‘राम राम’ दोन्ही फाटकापाशीच सुरू झाले. आधी बृहदारण्यक उपनिषदातलं ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ एका शिक्षिकेने म्हटलं आणि अर्थ सांगितला. मग योहानाच्या शुभवर्तमानातला पहिला अध्याय, अंधाराला ग्रासता न आलेल्या प्रकाशाचा. त्यानंतर दिवा मापाखाली न ठेवता दिवठणीवर ठेवण्याचं मत्तयातलं वचन. दोन्ही वाचनांच्या मधे निवेदकाने जोडाजोड करायची नाही असं आधीच बजावलं होतं. एका बाजूला अंधारातून प्रकाशाकडे ने ही मागणी आहे, दुसरीकडे प्रकाश अंधारात आला ही साक्ष. ऐकणारा आपलं आपण समजून घेतो. भजनी मंडळाने अभंग म्हटले, आपल्या लोकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं. टाळ-मृदंग एकच होते आणि चालीही ओळखीच्या, त्यामुळे दुसऱ्या भजनाला भजनी मंडळ साथीला बसलं. बळीप्रतिपदेवर एका निवृत्त गुरुजींनी वीस मिनिटं बोललं, आणि खरं तर तो सगळ्यात चांगला भाग होता. सव्वाआठला ध्वनिक्षेपक बंद झाला, साडेनऊला आवार झाडून झालं. त्याच रात्री परवानगीची प्रत आणि कार्यक्रमाचे चार फोटो फाइलला लावून ठेवा, पुढच्या अर्जाला जोडायला उपयोगी पडतात.

हिशेब: पणत्या 900, तेल 800, कंदिलाचं सामान 520, साउंड 2,500, 150 खुर्च्या प्रत्येकी 8 रुपयांनी 1,200, चहा आणि पत्रावळ्या 1,350, डबे 600, झेरॉक्स 60. एकूण 7,930 रुपये. फराळ घरोघरून आला, त्याची किंमत यात नाही. ट्रस्टच्या पैशातून खर्च करायचा तर आधी ठराव आणि नंतर प्रत्येक पावतीचं व्हाउचर हवंच, कुंभारवाड्यात पावती मिळत नाही तिथे सहीची साधी चिठ्ठी घ्यावी. वार्षिक हिशेब तपासणीत असे किरकोळ खर्चच अडकतात.

न फुटलेल्या पणत्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन ठेवल्या. कॅथलिक कुटुंबांनी त्यातल्या काही 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, कबरस्थानात वापरल्या. कंदिलांचा कागद बदलून सांगाडे नाताळसाठी ठेवले आहेत. नाताळच्या फराळासाठी आमंत्रणाची तीच यादी वापरायची, फक्त पत्ते तपासून.

2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी येत आहे. त्या दिवशी सकाळची उपासना लवकर उरकावी लागेल, कारण बाजारपेठेतल्या मंडळींना दुपारपासून दुकानात थांबावं लागतं. मेळावा 15 नोव्हेंबरच्या रविवारी धरला आहे आणि पोलीस ठाण्यातला अर्ज ऑक्टोबर संपण्याआधी द्यायचा आहे. गुरुजींनी या वेळी यमदीपदानावर बोलायचं कबूल केलं आहे.